यरुशलेमला निघालेली विळी

मावशीच्या सामानात काय जाणार आणि काय राहणार यावर आठवडाभर खल चालला होता, पण खरी खडाजंगी झाली ती विळीवरून.

साल 1977, मे महिना. अलिबागच्या इस्रायल आळीत आमचं घर, आणि एक घर सोडून तिचं. मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, आणि तिचं सगळं घर कायमचं इस्रायलला निघालेलं. मी नऊ वर्षांची, म्हणजे मोठ्यांच्या पायात येण्याच्या वयाची. ओटीवर दोन लोखंडी ट्रंका उघड्या पडलेल्या, आणि काकांनी वाण्याकडून धान्य जोखायचा काटा मागून आणलेला. ट्रंकेत जे जायचं ते आधी काट्यावर चढायचं. पितळी हंडा चढला, उतरला आणि आमच्या घरी आला. पाटा-वरवंट्याचा तर प्रश्नच नव्हता. मग मावशीने आतून विळी आणून काट्यावर ठेवली.

काका म्हणाले, "अगो, वाळवंटात चाललोय आपण. तिथे तुझ्यासाठी माड कोणी लावून ठेवलेत?"

"देव नेतोय ना? मग नारळाचं तो बघेल."

"आणि विमानात विचारलं तर? हत्यार दिसतंय ते."

"सांगा, बायकोचं आहे."

विळी गोणपाटात गुंडाळली गेली आणि ट्रंकेच्या तळाशी जाऊन बसली. वर लोकरीचे कपडे, प्रार्थनेची पुस्तकं, पोरांचे दाखले. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे रेवसच्या धक्क्यावर गेले. तिथून लाँचने भाऊचा धक्का, आणि पुढे विमान. मला धक्क्यापर्यंतसुद्धा नेलं नाही, म्हणून मी दिवसभर रुसून बसले होते.

तो नुसता बायकी हट्ट आहे असंच मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. मग स्वतः स्वयंपाकाला लागले तेव्हा कधीतरी डोक्यात प्रकाश पडला. ज्यू धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. मटणाच्या जेवणात दही नाही, साय नाही, तूप नाही, आणि त्या जेवणावर दुधातली खीरही नाही. मग रश्शाला दाटपणा आणायचा कशाने? नारळाच्या दुधाने. नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, मावशी गव्हाच्या चिकाचा हलवा करायची. तासन्‌तास ढवळून हात भरून यायचे. त्यातही दूध गाईचं नाही, नारळाचं. म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रातली एक आज्ञा कोकणात पाळायची तर खवणी लागायचीच. आमच्याकडे जी विळी स्वयंपाकघरातली वस्तू होती, ती तिच्या घरात जवळजवळ देव्हाऱ्यातली होती. काट्यावर तिचं वजन किती भरलं ते मला आठवत नाही, आणि काका काय म्हणाले ते मात्र शब्दन्‌शब्द आठवतं.

या आठवणीच्या मागे एक प्रश्न मला कायम चिकटून राहिलाय. ही माणसं का गेली?

युरोपातले ज्यू का गेले हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बगदादचे का गेले तेही कळतं. 1941 साली तिथे ज्यूंच्या कत्तली झाल्या, पुढे देश सोडणाऱ्याचं नागरिकत्व काढून घेणारा कायदा आला, आणि 1950-51 या दोन वर्षांत लाखावर माणसं उठून गेली. अशा ठिकाणी श्रद्धा किती आणि भीती किती, हे वेगळं करता येत नाही. घर पेटलेलं असताना बाहेर पडणाऱ्याला आपण विचारत नाही की बाबा, तू देवदर्शनाला निघालास का.

पण कोकण? इथे आळीवर कधी दगड पडला नाही. शनवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे दुसरे तेली होते, ते सोमवार तेली. एवढाच काय तो फरक गावाने नोंदवला. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहिमकर, नवगावकर. आजही रायगडचा नकाशा समोर ठेवला तर त्यांची वंशावळ वाचता येते. अशा ठिकाणाहून, कुणी जा म्हटलं नसताना, माणूस दोन हजार वर्षांचं बस्तान मोडतो. म्हणूनच श्रद्धेने माणूस देश सोडतो का, हे पाहायचं असेल तर मला वाटतं इस्रायल आळीसारखी जागा नाही. इथे भीतीचं गढूळ पाणी फारसं नाही, तळ दिसतो.

अभ्यासक कारणं देतात, आणि ती खोटी नाहीत. बेने इस्रायल मंडळी इंग्रजांच्या पलटणीत, रेल्वेत, कस्टममध्ये, टपालखात्यात मोठ्या संख्येने होती. इंग्रज गेल्यावर पुढे आपलं काय, ही धाकधूक होती. 1950 साली इस्रायलने कायदा केला की जगातला कोणताही ज्यू तिथे येऊन राहू शकतो. माणसं न्यायला तिकडच्या संस्थेची माणसं येत होती, तिकिटाची सोय होत होती. त्या सुमारास इथे वीस-पंचवीस हजारांचा हा समाज, आज महाराष्ट्रात राहिलाय काही हजारांचा. हे सगळं कबूल. पण या यादीत ती विळी मला कुठेच बसवता येत नाही. नोकरीसाठी निघालेली बाई नारळाची हमी देवावर सोडत नाही.

आता जरा मागे जाते. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी एक गलबत नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. जे बुडाले त्यांना तिथेच पुरलं, त्या जागा आजही दाखवतात. पोथ्या समुद्रात गेल्या. भाषा गेली. उरलं ते एवढं: शनिवारी काम नाही, मुलाची सुंता आठव्या दिवशी, खवले आणि पर असलेलेच मासे, आणि 'शेमा' ही एक प्रार्थना, जिचा अर्थ कुणाला येत नव्हता पण जी जन्म-मरण-लग्न सगळीकडे म्हटली जायची. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू प्रवासी इथे आला, त्याने बायकांपुढे मिश्र मासळीची टोपली ठेवली, त्यांनी खवल्यांचे मासे वेगळे काढले आणि त्याला ओळख पटली, अशी गोष्ट आहे. अलिबागकराला ती गोष्ट खोटी वाटूच शकत नाही. मासळी निवडणाऱ्या बाईच्या हातावरून आम्हीही माणूस ओळखतो.

सणांची नावंसुद्धा मराठी झाली. नव्याचा सण, खिरीचा सण. वर्षातला सगळ्यात कडक उपास, किपूर, त्याचं नाव दारफाळणी, कारण त्या दिवशी दारं लावून आत बसायचं. आणि आव महिन्यातल्या नवमीचा उपास! यरुशलेमचं मंदिर उद्‌ध्वस्त झालं त्याचा दुखवटा जगभरचे ज्यू या दिवशी पाळतात, जमिनीवर बसून विलापगीतं वाचतात. आमच्या किनाऱ्यावर त्या दिवसाचं नाव होतं बिरड्याचा रोजा. वालाचं बिरडं! मंदिर कुठलं, ते पाडलं कुणी, हे पिढ्यान्‌पिढ्या धड माहीत नाही, पण श्रावणाच्या तोंडावर एक दिवस असा येतो की ज्या दिवशी शोक करायचा आणि वालाची सालं काढायची, एवढं हाताला माहीत. मला हे वाचल्यावर (मला ते मावशीने सांगितलं नव्हतं, मी नंतर वाचलं) बराच वेळ काही सुचलं नव्हतं. आपण म्हणतो श्रद्धा म्हणजे मनातली गोष्ट. इथे मनातून पुसली गेलेली गोष्ट बोटांनी सांभाळली होती.

तर यरुशलेम असं होतं, बिरड्यात. मग जायची घाई का नव्हती?

इथे माझी पहिली समजूत उलटीपालटी झाली. 1897 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात पहिली झायोनिस्ट परिषद भरली. ज्यूंना स्वतःची भूमी मिळवून द्यायची या विचाराची ती सुरुवात. मुंबईच्या बेने इस्रायलांनाही बोलावणं होतं. त्यांनी नाही म्हणून कळवलं. कारण? आम्हाला सियोनला, म्हणजे यरुशलेमच्या भूमीला, परत नेण्यासाठी परमेश्वराचा हात पुढे येईल, आम्ही त्याची वाट पाहतो आहोत. म्हणजे श्रद्धा होती म्हणूनच ते गेले नाहीत.

यात काही नवल नाही. ज्यू परंपरेत हा विचार फार जुना आहे. तलमूदात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, तीन शपथांचा उल्लेख येतो, त्यातली एक अशी की इस्रायलच्या लोकांनी एकजुटीने भिंतीसारखं चालून जाऊन ती भूमी घ्यायची नाही. काळ आला की देव नेईल. आपण आपल्या पायांनी निघणं म्हणजे देवाच्या घड्याळाचे काटे बोटाने पुढे सरकवणं. आजही काही अतिसनातनी ज्यू या कारणासाठी इस्रायल या राज्याला मानत नाहीत.

आणि आमच्या अलिबागच्या लोकांना तर थांबायला आणखी एक कारण होतं. ज्यू समजुतीप्रमाणे मुक्तिदाता येण्याआधी संदेष्टा एलियाहू परत येणार. हा एलियाहू मेलाच नाही, अग्नीच्या रथात बसून सदेह स्वर्गात गेला. आणि तो गेला कुठून? बायबल सांगतं यार्देन नदीपलीकडून. बेने इस्रायल सांगतात, अलिबागजवळच्या खंडाळ्याहून. तिथे खडकावर रथाच्या चाकाच्या आणि घोड्याच्या टापेच्या खुणा आहेत. त्या जागेला म्हणतात एलियाहू हनाबीचा टापा. माघाच्या आसपास, झाडांचा सण असतो त्या दिवशी, तिथे उरूस भरतो. नवस फेडायला मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर खजूर आणि फळं, आणि ताटाभोवती बसून एलियाहूची स्तुती. ज्याने येऊन सगळ्यांना गोळा करून न्यायचं, तो आपल्याच तालुक्यातून वर गेलाय. मग तो उतरणार कुठे? इथेच की. अशा माणसांनी बाझलला पत्र पाठवून 'आम्ही थांबतो' म्हणावं यात मला तरी कमालीची सुसंगती दिसते.

त्याच 1897 साली हाईम सॅम्युएल केहिमकर हे बेने इस्रायलांचा पहिला सविस्तर इतिहास लिहून पूर्ण करत होते. हा माणूस शाळा काढणारा, समाजासाठी झिजणारा. हस्तलिखित तसंच पडून राहिलं. ते वारले. पुस्तक छापलं गेलं 1937 साली, तेल अवीवमध्ये. लेखकाआधी आणि वाचकांआधी पुस्तक तिथे पोचलं.

मग 1948 आलं. मला वाटतं, थांबलेल्या माणसाच्या मनात तेव्हा जे झालं असेल ते आपल्याला बाहेरून कळणं अवघड आहे. देवाचा हात पुढे येईल म्हणून बसलेलो, आणि इकडे वर्तमानपत्रात छापून आलंय की राज्य झालं. हाच तो हात का? की ही माणसांची गडबड? पॅलेस्टाईनचे मुख्य रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, अब्राहम कूक यांनी यावर आधीच एक तोड काढली होती. देव न मानणारे तरुण तिथे शेतं नांगरत होते, शनिवारच्या विश्रांतीचा सब्बाथ मोडत होते, आणि कूक म्हणत की त्यांना ठाऊक नसलं तरी काम देवाचंच चाललंय. येमेनच्या ज्यूंना एवढ्या तत्त्वज्ञानाची गरजही पडली नाही. 1949-50 मध्ये जवळपास 49 हजार जणांना विमानांनी नेलं. त्यातल्या बहुतेकांनी विमान कधी पाहिलं नव्हतं. पण शास्त्रात वाक्य होतं की मी तुम्हाला गरुडाच्या पंखांवर बसवून माझ्याकडे आणलं. पंख समोर दिसत होते. ते चढले. तुम्ही-आम्ही याला भाबडेपणा म्हणू. पण याच येमेनमधून 1881-82 मध्ये, विमानंबिमानं नसताना, बायबलमधल्या गीतरत्नातल्या 'मी ताडावर चढेन' या वाक्यातली हिब्रू अक्षरं उलटसुलट लावून त्यातून त्या वर्षाचा आकडा काढून, लोक चालत निघाले होते. ज्याला निघायचं असतं त्याला मुहूर्त सापडतो.

चढणं हाच शब्द. त्या भूमीत जाऊन राहण्याला हिब्रूत 'आलिया' म्हणतात, म्हणजे वर चढणं. तिथून परत येणारा तो 'उतरलेला'. आमच्या आळीत 'आलिया केली' असं सरळ मराठीत म्हणायचे, जसं आपण काशी केली म्हणतो तसं. पण काशी करणारा परत येतो. वारीला जाणारा कळसाला हात जोडून आषाढ संपायच्या आत शेतावर हजर होतो. आपल्या सगळ्या तीर्थयात्रांत परतीचं तिकीट गृहीत धरलेलं आहे. संतांनी पंढरीला माहेर म्हटलं, आणि माहेराला चार दिवस जायचं असतं, तिथे राहायला गेलं की लोक काहीबाही विचारतात. बेने इस्रायल भारताला मातृभूमी आणि इस्रायलला पितृभूमी म्हणतात. मी एकदा मावशीला म्हटलं, म्हणजे अलिबाग तुझं माहेर. ती म्हणाली, "आणि ते काय सासर? सासरी कोणी दोन हजार वर्षं उशिरा जातं का?"

का गेलात, हे मी तिला आजवर तीनदा विचारलंय.

पहिल्यांदा म्हणजे त्याच मे महिन्यात, ट्रंकेच्या कडेला बसून. तेव्हा ती म्हणाली, "आमच्या देवाचं घर आहे तिकडे."

दुसऱ्यांदा तेरा वर्षांनी, ती पहिल्यांदा परत आली तेव्हा. माझं लग्न ठरलेलं. ओटीवर आईजवळ बसून तांदूळ निवडता निवडता ती बोलली, "पोरांची लग्नं कशी झाली असती गं इथे? मुलगी बघायची तर उरलंय कोण?"

तिसऱ्यांदा दोन-तीन वर्षांपूर्वी, फोनवर. आता ती ऐंशीच्या पुढे. "सगळे गेले म्हणून गेलो," म्हणाली, आणि खोकली.

आधी देव, मग लग्नं, मग शेजारी. मला वाटायचं वय वाढलं तसा तिचा भाविकपणा उतरत गेला आणि खरं कारण बाहेर आलं. मी तसं तिला बोलूनही दाखवलं. तर ती वैतागली. "तुला शिकून काही कळत नाही. तिन्ही एकच आहे. दहा माणसं लागतात ना?"

दहा माणसं. ज्यू धर्मात सार्वजनिक प्रार्थना व्हायला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. नऊ असतील तर तोरा, म्हणजे नियमशास्त्राची गुंडाळी, बाहेर काढता येत नाही, मेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना म्हणता येत नाही. अलिबागची त्यांची मागेन आबोथ मशीद (जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणत) 1848 सालची, 1910 मध्ये नव्याने बांधलेली. मला तिथला शनिवार आठवतो. हजान, म्हणजे प्रार्थना सांगणारे, फाटकात उभे, हात मागे बांधून, रस्त्याकडे बघत. आठ झालेत, नऊ झालेत. माझे बाबा कचेरीत जायला निघाले की ते हाक मारायचे, "या अण्णा, टोपी देतो, उभे राहा." दोघे हसायचे. बाबा सायकलवर टांग मारून पुढे जायचे, आणि हजान पुन्हा रस्त्याकडे बघायला लागायचे. दहावा माणूस कधी यायचा, कधी नाही. आणि एक दिवस हजानच गेले. कोंबडी शास्त्राप्रमाणे कापणारेही तेच. म्हणजे प्रार्थनाही गेली आणि रविवारचा रस्साही.

मावशीचं म्हणणं मला तेव्हा समजलं. आपल्यातला माणूस कुठेही एकटा बसून नामस्मरण करू शकतो, म्हणून आपण श्रद्धा एका बाजूला आणि समाज, लग्न, शेजार दुसऱ्या बाजूला अशी वाटणी सहज करतो. तिच्या धर्मात ती वाटणी बसत नाही. शेजारी गेला म्हणजे प्रार्थनेचा एक खांब गेला. पहिली माणसं कदाचित देवासाठी गेली असतील. त्यांच्या जाण्याने मागच्यांचा देव पातळ झाला, म्हणून मागचे गेले. त्यांनाही देवासाठीच गेले म्हणायचं. आणि हो, काका एक आणि थोरला मुलगा चौदाचा, म्हणजे मोजला जाणारा. मावशी म्हणते, "आम्ही निघालो तेव्हा अकरा होते. आमच्यामागे नऊ." हे सांगताना तिचा आवाज नेहमीसारखा नसतो.

तिकडे काय मिळालं, हेही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. 1948 ते 52 या पहिल्या लाटेत साधारण 2,300 बेने इस्रायल गेले. गेलेल्यांना वाळवंटाच्या तोंडावर बीरशेबासारख्या गावांत टाकलं. कामं अंगमेहनतीची, आणि रंगावरून वागणूक. तुम्ही काळे, तुम्ही काळा पाव घ्या, पांढरा गोऱ्यांसाठी, असं दुकानात ऐकवल्याची तक्रार तेव्हा मुंबईच्या वर्तमानपत्रांपर्यंत आली होती. काही जणांनी धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. शंभरावर माणसं खरोखर परत आली. त्यातली बरीचशी काही वर्षांनी पुन्हा इस्रायलला गेली! या शेवटच्या गोष्टीवर मी फार विचार केलाय. अपमान सोसून परत आलेला माणूस पुन्हा त्याच दारात जातो, तेव्हा त्याला तिकडे पगार ओढत असतो असं म्हणणं मला जड जातं.

पुढचा घाव तर थेट श्रद्धेवर होता. 1962 साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्रायलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या आईचं, आजीचं, पणजीचं कूळ तपासा, ते अस्सल ज्यू आहेत का पाहा. ज्यांनी मंदिराचा शोक बिरड्यात जपला त्यांना मंदिराच्या गावात दाखला मागितला. दोन वर्षं लढे झाले, माणसं घरंदारं सोडून यरुशलेमला धरणं धरून बसली. शेवटी ऑगस्ट 1964 मध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि रब्बींना फर्मानातून त्यांचं नाव काढावं लागलं. देवाने बोलावलं आणि पुजाऱ्याने दारात अडवलं, ही गोष्ट महाराष्ट्राला काही नवीन नाही. चोखोबाच्या गावची माणसं आहोत आपण.

आणि अडवलं गेलेले एवढेच नव्हते. ज्या बीरशेबात ही मंडळी उतरली ते ऑक्टोबर 1948 पर्यंत अरबांचं गाव होतं. तिथल्या उरलेल्या माणसांना गाझाकडे हाकलून दिलं होतं. त्यांच्याही ट्रंका असतील, किंवा ट्रंका भरायला वेळच मिळाला नसेल. एकाचं परतणं दुसऱ्याचं निघणं होतं. मी हे मावशीला एकदाच म्हटलं. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "आम्हाला घरं सरकारने दिली. नवीन होती. आम्ही विचारलं नाही." गेल्या काही वर्षांत तर आम्ही त्या विषयावर बोलतच नाही. सायरन वाजला की ती फोन ठेवते, आणि तासाभराने 'आहे' एवढाच मेसेज येतो.

ती राहते दिमोनाला. नेगेव्ह वाळवंटातलं गाव, 1955 साली वसवलेलं. मराठी माणसं इतकी की बाजारात मराठीतून घासाघीस होते. 1 मेला महाराष्ट्र दिन साजरा होतो. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिकडून निघायचं, तिने मला दोन अंक पाठवले होते. खंडाळा तिथे नाही, पण हैफाला कार्मेल डोंगरावर एलियाहूची गुहा आहे. आपली माणसं तिथे जाऊन मलिदा करतात. पोहे आता तिकडेही मिळतात. तिथले दुसरे ज्यू आधी कुतूहलाने बघायचे, आता हात पुढे करतात म्हणे.

1874 साली पुण्यात हागादा, म्हणजे पेसाख सणाच्या रात्री वाचायची पोथी, हिब्रू-मराठीत छापली गेली. त्यातल्या एका चित्रात जमिनीवर मांडी घालून बसलेल्या आपल्याकडच्या पेहरावातल्या बायका बेखमीर भाकऱ्या करताना दिसतात. मिसर देशातून सुटकेची गोष्ट, आणि भाकऱ्या थापणारी पेण-पनवेलची बाई. त्या विधीचा शेवट जगभर एका वाक्याने होतो: पुढल्या वर्षी यरुशलेमात. मावशीच्या घरी, अलिबागला, काका ते मोठ्याने म्हणायचे आणि आम्ही पोरं खिडकीतून ऐकायचो. मी तिला विचारलं की आता तिकडे पोचल्यावर काय म्हणता. मला वाटलं ते वाक्य गळून पडलं असेल.

"तेच म्हणतो की."

"अगं पण तू तिथेच आहेस ना? गाडीने दोन तासांवर."

"मंदिर कुठे बांधलंय अजून? बांधलेल्या यरुशलेमात, असं म्हणतो. पुढल्या वर्षी."

एवढं सगळं करून पुन्हा पुढल्या वर्षीच. काटा, ट्रंका, लाँच, विमान, काळा पाव, दाखले. मी हसले तर म्हणाली, "हसतेस काय, तुमचा पांडुरंग तरी कुठे विटेवरून उतरलाय?"

यंदा माघात मी खंडाळ्याच्या टाप्याला जाऊन आले. तिनेच सांगितलं होतं, फोटो पाठव म्हणून. मुंबईहून, ठाण्याहून गाड्या भरून माणसं आली होती. मलिद्याच्या ताटातले पोहे मलाही मिळाले, हातावर. खडकावरची खूण माझ्या डोळ्यांना धड दिसली नाही, पण शेजारच्या म्हाताऱ्या बाईने बोट धरून दाखवली, ही टाप, हे चाक, आणि मग दिसली. व्हिडिओ कॉल लावला. नेटवर्क जेमतेम. मावशी स्क्रीनला नाक लावून बघत होती.

"डावीकडे घे. अजून. हां, तोच. पाणी साठलंय का खळग्यात?"

"नाही, कोरडा आहे."

"आमच्या वेळी असायचं." मग जरा थांबून, "दिवाळीनंतर येईन म्हणते. शेवटचंच आता. ऐक, तिथे धार लावणारा आहे का अजून, बाजारपेठेत?"

"कसली धार?"

"विळीची गं. खवणीचे दाते पार बोथट झालेत. इथे कुणाला लावताच येत नाही. थोरला म्हणतो डब्यातलं नारळाचं दूध घे, पण त्याचा हलवा सुटत नाही." मागून कुणीतरी हिब्रूत काहीतरी बोललं, तिने त्याला मराठीत दटावलं. "विमानात नेऊ देतील ना पातं?"

मी म्हटलं, हातातल्या पिशवीत ठेवू नकोस, खालच्या सामानात टाक. आणि गोणपाटात गुंडाळ.